सात शिट्ट्या आणि चिवट मटण

रविवारची दुपार. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं, लाल तर्री वर आलेली, वास जिन्यापर्यंत पोचलेला. ताटं वाढली गेली. पहिला घास घेणाऱ्यानं तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि विचारलं, "मटण कुठून आणलं?"

नागपुरातल्या घरांत या प्रश्नाचा रोख नेहमी खाटकावर असतो. पण गेल्या रविवारी त्याच दुकानातलं, त्याच भावाचं मटण लोण्यासारखं झालं होतं. मग या रविवारी काय बिघडलं? कुणी म्हणतं, बोकड जून होता. कुणी म्हणतं, मीठ आधीच घातलं म्हणून. कुणी शिट्ट्या मोजणाऱ्याला दोष देतं. या तिघांपैकी दोघं बरोबर असतात आणि एक साफ चुकतो. कोण, ते पुढे कळेलच. त्याआधी पातेल्यात पडलेलं हे जनावर कोणतं आणि ते काय खाऊन वाढलं, हे पाहिलेलं बरं.

१. नागपूरचं 'गवतावरचं' जनावर

अमेरिकेत मांसासाठीची बहुतेक गुरं आयुष्याचे शेवटचे काही महिने मोठमोठ्या गोठ्यांत, मक्यासारख्या धान्यावर पोसली जातात. धान्यानं चरबी वाढते आणि ती स्नायूंच्या आत बारीक रेघांसारखी पसरते. गवतावरच वाढवलेल्या गुरांचं मांस तिथं वेगळं, जास्त पैसे घेऊन विकलं जातं. ते घरी नेणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: नेहमीच्याच रीतीनं शिजवलं, तरी कोरडं आणि चामट झालं. कारण सरळ आहे. या मांसात चरबी कमी, त्यामुळे ते लवकर तापतं आणि चूक झाकायला आत काही नसतं. 'गवतावरचं' म्हणजे नेमकं काय, हाही तिथं वादाचाच विषय. अमेरिकी कृषी खात्यानं त्याची स्वतःची व्याख्या ठरवली होती, तीसुद्धा जानेवारी २०१६ मध्ये मागे घेतली.

महाराष्ट्रात गोमांसाचा प्रश्न कायद्यानंच निकालात काढला आहे. गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच. विधिमंडळानं १९९५ मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हशी-रेड्यांचं मांस चालतं, ते खाणारी आणि उत्तम शिजवणारी घरंही नागपुरात आहेत. पण 'आज मटण आहे' असं इथं कुणी म्हणालं, की डोळ्यांपुढे येतो तो बोकड. आणि गंमत पाहा, अमेरिकेत ज्याला खास माल म्हणून वेगळं लेबल लागतं, ते चरून-फिरून वाढलेल्या जनावराचं मांस इथं पिढ्यानपिढ्या रोजचंच आहे.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या; त्यांपैकी महाराष्ट्रात १ कोटी ६ लाखांच्या आसपास. विदर्भाची स्वतःची शेळी म्हणजे बेरारी. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलेली आहे. बंदिस्त शेळीपालन आता वाढतंय, तिथं मका आणि पेंड गव्हाणीत येते. पण खेड्यांतल्या कितीतरी शेळ्या अजूनही सकाळी कळपात निघतात आणि दिवस कलताना परततात.

आता एक बारीक दुरुस्ती. शेळीला गवतखाऊ म्हणणं अर्धंच खरं आहे. गाय मान खाली घालून चरते, शेळी मान वर करून. मागच्या दोन पायांवर उभी राहून ती बोरीचा पाला ओढते, बाभळीच्या शेंगा वेचते, काट्यातून नेमकं पान तोडते. तिच्या खाण्यात चालणं, चढणं, ताणणं सगळं आलं. हे व्यायामाचं आयुष्य तिच्या मांसात उतरतं.

शेळी चरबीही वेगळ्या ठिकाणी साठवते. धान्यावर पोसलेल्या बैलाची चरबी मांसाच्या आत शिरते. शेळीची मुख्यतः पोटात, गुर्द्यांभोवती जमते. खाटीक वरून पांढरी चरबी टाकतो ती बरीचशी तिथलीच. तुकड्याच्या पोटात मात्र चरबी जवळजवळ नसते.

पांढऱ्या चरबीवरून आठवलं. गवतावरच्या गायीची चरबी पिवळसर दिसते, कारण हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य, तिच्या चरबीत उतरतं. म्हणून परदेशात पिवळी चरबी ही चराऊ जनावराची खूण मानतात. ही खूण वाचून कुणी इथल्या दुकानात पिवळी चरबी शोधू लागला, तर रिकाम्या हातानं परतेल. शेळी आणि म्हैस कॅरोटीनचं जवळजवळ सगळं जीवनसत्त्व 'अ' करून टाकतात, त्यामुळे दिवसभर हिरवा पाला खाल्लेल्या बोकडाचीही चरबी पांढरीच राहते. म्हशीचं तूप पांढरं आणि गायीचं पिवळं, त्याचं कारणही हेच.

२. सुताची लडी

चिवटपणा म्हणजे नेमकं काय, हे समजायला नागपुरात विणकराच्या घरात डोकावणं सोपं. पूर्व नागपुरातल्या गोळीबार चौक, तांडापेठ या भागांत हलबा कोष्टी समाजाचे हातमाग चालत. मागाशेजारी सुताच्या लड्या असत. लडी म्हणजे शेकडो बारीक धागे, जागोजागी दोऱ्यानं बांधलेले. एकटा धागा बोटानं तुटतो. बांधलेली लडी ओढून तुटत नाही.

मांस असंच असतं. स्नायूचे केसासारखे तंतू हे धागे, आणि त्यांना गुंडाळणारं, एकमेकांना आणि हाडाला बांधणारं पांढुरकं आवरण हा दोरा. या दोऱ्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजन. मटण चिवट लागतं तेव्हा दात बहुतेक वेळा धाग्यांशी झगडत नसतात, दोऱ्याशी झगडत असतात.

जो स्नायू जास्त राबतो, त्याला दोरा जास्त. बोकडाची मान दिवसभर वर-खाली होते, पुढचे पाय अंगाचा भार पेलतात, नळीभोवतालचं मांस तर अखंड कामावर. पाठीच्या कण्यालगतचा, चापेचा भाग त्या मानानं आरामात असतो. म्हणून एकाच बोकडाची मान आणि चाप एकाच पातेल्यात, एकाच वेळी टाकली तर एक कच्ची राहते नाहीतर दुसरी कोरडी पडते. दुकानात 'सगळीकडचं मिळून द्या' म्हणणारा माणूस घरी जाताना ही अडचण पिशवीत घेऊनच जातो.

३. अर्ध्या तासाचा घात

आता सगळ्यात उलटी वाटणारी गोष्ट. मटण शिजताना आधी कडक होतं आणि नंतर नरम.

साधारण ५० अंश सेल्सिअसला तंतूंमधली प्रथिनं गोठू लागतात, अंड्याचा पांढरा भाग गोठतो तशी. ६० ते ६५ अंशांवर दोरा, म्हणजे कोलॅजन, आक्रसतो. ओली गाठ सुकताना आवळते तसा तो तंतूंना पिळतो आणि आतलं पाणी बाहेर येतं. परतताना मटणाला सुटणारं 'अंगचं पाणी' ते हेच. या टप्प्यावर तुकडा लहान झालेला असतो, रबरासारखा असतो आणि पाहणाऱ्याला शिजल्यासारखा वाटतो.

त्यानंतर, ७० अंशांच्या पुढे, कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होऊ लागतं. जिलेटिन म्हणजे मऊ, पाणी धरून ठेवणारा चिकट पदार्थ. दोरा सुटला की लडी मोकळी होते. पण ही क्रिया सावकाश चालते. उघड्या पातेल्यात जून बोकडाला दीड-दोन तासही लागतात.

ज्याचं मटण तीस मिनिटांनी चिवट लागतं आणि जो 'जास्त शिजलं वाटतं' म्हणून गॅस बंद करतो, तो नेमक्या सर्वांत वाईट क्षणी थांबतो. त्याला आणखी तासभर धीर धरायचा असतो.

इथंच परदेशी पुस्तकांचा सल्ला आणि नागपूरचं पातेलं वेगळ्या वाटांनी जातात. बैलाच्या पाठीचा, कमी राबलेला जाड तुकडा तिथं मोठ्या आंचेवर थोडाच वेळ भाजतात आणि आत गुलाबी ठेवतात. त्यात दोरा मुळातच कमी असतो, तेव्हा पिळण्याच्या टप्प्याआधीच थांबायचं असतं. बोकडाच्या मानेला ती युक्ती लावली तर खाणाऱ्याच्या जबड्याची परीक्षा ठरलेली. तिला पिळण्याचा टप्पा ओलांडून पलीकडे जावंच लागतं.

जाता जाता एक शंका. पिशवीत साचलेलं लाल पाणी पाहून 'रक्त नीट गेलं नाही' असं घरात म्हणतात. रक्त कापतानाच जवळजवळ सगळं निघून गेलेलं असतं. लाल रंग मायोग्लोबिनचा. स्नायू प्राणवायू साठवतात तो या प्रथिनात. जास्त चाललेल्या जनावराचे स्नायू म्हणून जास्त गडद.

४. दात मोजा, मग घड्याळ लावा

कोलॅजनला वय असतं. लहान बोकडात त्याचे धागे सैल जोडलेले असतात, उकळत्या पाण्यात पटकन सुटतात. वय वाढतं तसे त्यांच्यात आडवे टाके पडत जातात आणि दोरा पक्का होतो. जून बोकडात दोरा फार जास्त असतो असं नाही; तो सुटायला जास्त वेळ घेतो. 'बोकड जून होता' म्हणणारा आपल्या तिघांतला पहिला माणूस म्हणूनच बरोबर.

बाजारात वय दातांवरून सांगतात. साधारण एक ते दीड वर्षाच्या दरम्यान समोरचे दुधाचे दोन दात पडून पक्के येतात, मग तो 'दोन दाती'. दोन वर्षांच्या आसपास 'चार दाती'. कापलेल्या मटणात दात दिसत नाहीत, पण खाटकाला ठाऊक असतात. विचारायला संकोच कसला? दुधाच्या दातांचा, आठ-दहा महिन्यांचा बोकड आणि चार दाती बोकड यांच्या शिजण्यात उघड्या पातेल्यात तासाभराचा फरक सहज पडतो. गेल्या रविवारचं लोणी आणि या रविवारचं चामडं यांच्यामधलं अंतर बहुतेक वेळा या दोन-चार दातांएवढंच असतं.

वासाचंही तसंच. वयात आलेल्या नराच्या चरबीत काही विशिष्ट स्निग्ध आम्लं तयार होतात. बोकडाचा उग्र दर्प त्यांचा. खस्सी केलेल्या बोकडात तो फार कमी असतो. वास नको असेल तर मसाला वाढवण्याआधी चरबी काढून टाकावी, कारण वास तिच्यातच राहतो.

५. आज कापलेलं की काल कापलेलं?

धुळवडीला आणि पोळ्याच्या करीला नागपुरातल्या मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतात. रांगेतल्या प्रत्येकाला हवं असतं ते डोळ्यांदेखत कापलेलं. ताजं म्हणजे चांगलं, हा हिशेब मासळीला लागू. मटणाला तो तंतोतंत लागत नाही.

स्नायू आवळायला शक्ती लागते हे सगळ्यांना माहीत असतं. तो सैल सोडायलाही शक्ती लागते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. जनावर मेल्यावर स्नायूंतला शक्तीचा साठा काही तासांत संपतो आणि तंतू एकमेकांत अडकून बसतात. अंग ताठ होतं. याच काळात स्नायूंतल्या साखरेसारख्या साठ्याचं लॅक्टिक आम्ल होतं, तेच जे दह्यात असतं. त्यामुळे मांस थोडं आंबटपणाकडे झुकतं आणि जास्त टिकतं. मग मांसातलीच काही विकरं तंतू आतून कुरतडू लागतात आणि ताठरपणा उतरतो. ताठ असताना शिजवलेलं मटण सगळ्यांत हट्टी.

लांबून ट्रकमध्ये उभं राहून, घाबरून, उपाशीपोटी आलेल्या बोकडात तो साठा आधीच संपलेला असतो. आम्ल पुरेसं होत नाही. मांस काळपट, कोरडं दिसतं आणि लवकर खराब होतं. शेळी मुळात बुजरी, तिच्यात हे जास्त घडतं. जनावर कसं आणलं गेलं हे ताटात कळतं, ते असं.

शीतकपाटाचा यात एक खोडसाळ भाग आहे. न्यूझीलंडहून बोटीनं जाणारं गोठवलेलं कोकराचं मांस कधी कधी विचित्र चिवट निघे. तिथल्या लॉकर आणि हॅगयार्ड या संशोधकांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं, की ताठरपणा येण्याआधीच मांस फार थंड केलं तर स्नायू जोरात आक्रसतात आणि तसेच अडकून राहतात. नागपुरात आठ वाजता कापलेलं मटण नऊ वाजता थेट फ्रीझरमध्ये टाकणारी गृहिणी नकळत हाच प्रयोग करत असते. त्यातून लहान तुकडे हाडापासून सुटलेले, त्यांना ओढून धरायला काही नसतं.

मग करायचं काय? त्याच दिवशी खायचं असेल तर आणल्या आणल्या हळद-मीठ लावून शिजवायला घ्यावं आणि वेळ हातचा न राखता द्यावा. दुसऱ्या दिवशी खायचं असेल तर झाकून फ्रीजच्या खालच्या खणात एक रात्र ठेवावं. फ्रीझरचा विचार त्यानंतर. पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या मे महिन्यात मात्र 'ताठरपणा उतरू दे' म्हणून ओट्यावर ठेवण्याचा शहाणपणा करू नये. तिथं जंतू विकरांच्या आधी पोचतात.

फ्रीज नव्हता तेव्हाची एक रीत इथं सांगायलाच हवी, कारण ती पाकपुस्तकांत क्वचितच सापडते. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांचं खाणं त्यांनी त्यात नोंदवलं आहे. त्या स्वयंपाकात चान्यांना मोठी जागा होती. चान्या म्हणजे मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पातळ पट्ट्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या. हे मांस फुकटात किंवा थोडक्यात मिळे ते एकदमच, मग महिनोन् महिने काहीच नाही. पाणी काढून घेतलं की जंतूंना वाढायला जागा उरत नाही; हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, गरजेनं सापडलं होतं. वाळलेली चानी निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात शिजवून खात. चराऊ, राबलेल्या, म्हाताऱ्या जनावराचं मांस घरच्या घरी कसं वापरावं याचं ज्ञान महाराष्ट्रात कुणाकडे असेल, तर ते या घरांकडे होतं. त्याची प्रतिष्ठा मात्र त्यांना कधी मिळाली नाही.

६. शिट्टीचा हिशेब

१६७९ मध्ये दनी पापँ या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये एक जाड धातूचं भांडं दाखवलं. झाकण आवळून बसवलेलं, वाफ कोंडणारं, आणि फुटू नये म्हणून वर वजनाची झडप. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यांना त्यानं याच भांड्यातलं जेवण वाढलं. त्यात बैलाची टणक हाडंसुद्धा मऊ झाली होती. आज ओट्यावर शिट्टी मारणारा कुकर त्या भांड्याचाच वंशज. हॉकिन्ससारखी कंपनी मुंबईत १९५९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत शिट्टी हे भारतीय स्वयंपाकघरातलं कालमापन होऊन बसलं.

कुकर करतो काय? नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचावर. उघड्या पातेल्यात इथं पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, आणि त्याखाली कितीही जाळ केला तरी त्याच्या वर जात नाही. कुकरमध्ये कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळे तेच पाणी १२० अंशांच्या आसपास जातं.

आता एक ढोबळ आकडेमोड. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात असं धरू. १०० ते ११० एकदा दुप्पट, ११० ते १२० पुन्हा दुप्पट; म्हणजे चौपट. पातेल्यात दोन तास घेणारं मटण कुकरमध्ये अर्ध्या तासात यायला हवं. प्रत्यक्षात थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो.

यात शिट्टी कुठंच आली नाही. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याची वर्दी. मोठ्या आंचेवर सात शिट्ट्या आठ मिनिटांत होतात, बारीक आंचेवर त्याच सात शिट्ट्यांना अर्धा तास लागतो. पहिल्या घरी मटण चिवट, दुसऱ्या घरी मऊ, आणि दोघी एकमेकींना सांगतात, "मी तर सातच शिट्ट्या दिल्या." आपल्या तिघांतला दुसरा बरोबर माणूस तो हाच, शिट्ट्या मोजणाऱ्याला दोष देणारा. पहिली शिट्टी झाली की आंच बारीक करावी आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावं: कोवळ्या बोकडाला पंधरा-वीस मिनिटं, जून असेल तर तीस-पस्तीस. मग दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलून वाफ भसकन सोडली की तुकड्यांच्या आतलं पाणीही उसळून बाहेर पडतं, आणि चरबी नसलेल्या मांसाला ते परवडत नाही.

पातेलंच हवं असणाऱ्यांसाठी जुन्या मराठी घरांतली युक्ती अजून चालते: खोलगट झाकण आणि त्यात पाणी. गार झाकणाला लागून आतली वाफ परत रश्श्यात पडते, मटण तळाला लागत नाही. झाकणावरचं पाणी तापतं, आणि रस्सा आटला की तेच गरम पाणी आत ओतता येतं. गार पाणी ओतलं तर उकळी मोडते आणि कोलॅजनचं काम तेवढा वेळ थांबतं. एका झाकणात तीन कामं.

७. तर्रीत काय असतं?

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तोच हा दिवस, नाव त्यावरून. गिरण्यांचं कापड आलं आणि हातमागावर पोट भरणाऱ्यांचे दिवस फिरत गेले. पुढे हलबा कोष्ट्यांच्या घरातला झणझणीत स्वयंपाक भोजनालयांत आला. तेच आज देशभर माहीत असलेलं सावजी मटण. मसाल्यात किती जिन्नस, यावर दोन सावजी घरांचं एकमत होणं कठीण. दगडफूल, खसखस, भाजलेलं सुकं खोबरं, धणे, मिरे, लवंग, मसाला वेलची ही नावं बहुतेकांच्या तोंडी येतात; पाट्यावर वाटलेल्याची चव वेगळी, हेही.

सावजी म्हणजे नुसता जाळ, असं बाहेरगावचे समजतात. या पद्धतीची खरी हुशारी तेलात आहे. बोकडाच्या तुकड्यात चरबी नसते हे आधी पाहिलं. ती उणीव रश्श्यातलं तेल भरून काढतं. मिरचीचा तिखटपणा कॅप्सायसिन या द्रव्याचा. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. मिरचीचा लाल रंग, हळदीचा पिवळा, मसाल्यांचे बहुतेक वासही तेलाचेच सोबती. मसाला तेलात सावकाश परतला की हे सगळं तेलात उतरतं आणि शेवटी तरंगून वर येतं. ती तर्री. तिखट लागल्यावर पाणी प्यायल्यानं जाळ का विझत नाही, याचं उत्तरही तेच. दही किंवा ताक घ्यावं, त्यातली स्निग्धता आणि प्रथिनं तिखटाला धरून नेतात.

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तेल पूर्वी जवसाचं असे. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, ओमेगा-३ कुळातलं. हिरव्या पाल्यात आणि गवतात मुख्यतः हेच स्निग्ध आम्ल असतं, आणि चराऊ जनावराच्या मांसात ते धान्यावरच्यापेक्षा जास्त सापडतं, म्हणून परदेशात त्या मांसाची एवढी वाखाणणी. विदर्भातल्या घरात पाला खाल्लेला बोकड जवसाच्या तेलात शिजत होता. ओमेगाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. जवसाचं तेल मात्र तापून लवकर कडवट होतं, हवेनं खवट होतं. ते वापरायचं तर ताज्या घाण्याचं, थोडंच आणलेलं, आणि आंच मध्यम.

८. मीठ, दही, कच्ची पपई

उरला तिसरा, मीठवाला. 'आधी मीठ घातलं की मटण शिजत नाही' हे वाक्य घराघरात ऐकू येतं, आणि साफ चुकीचं आहे. मीठ तंतूंतली काही प्रथिनं विरघळवतं, त्यामुळे शिजताना तंतू कमी आवळतात आणि पाणी जास्त धरून ठेवतात. किलोभर मटणाला अडीच-तीन लहान चमचे मीठ, हळद आणि आलं-लसूण चोळून एक-दोन तास ठेवलं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर अधिकच, की फरक जिभेला कळतो.

दह्यातलं आम्ल वरचा थर मऊ करतं आणि चव देतं. आतपर्यंत ते पोचत नाही. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं. हे विकर प्रथिनांचे तुकडे करतं, पण गार मांसावर ते आळसात काम करतं. त्याचा खरा जोर मांस गरम होत असताना, ५० ते ७० अंशांच्या दरम्यान. म्हणून रात्रभर पपई लावून ठेवण्यात काही शहाणपणा नाही. वरचा थर पिठासारखा होतो आणि आतलं तसंच. किलोला एक मोठा चमचा वाटण, शिजवण्याआधी अर्धा तास, एवढं पुरे. खिमा आणि कबाबाला पपई शोभते. रश्श्याच्या, दोन दाती बोकडाच्या नळीला तिची गरज नाही. तिला वेळ हवा असतो.

९. सोमवारची सकाळ

रविवारचा उरलेला रस्सा रात्री फ्रीजमध्ये गेला असेल, तर सोमवारी भांडं बाहेर काढून ते कलतं करून पाहावं. वर लाल तेलाचा थर, आणि त्याखाली रस्सा वाहत नसेल, वडीसारखा थरथरत असेल, तर आदल्या दिवशी दोरा नीट सुटला होता. ते थरथरणं जिलेटिनचं. रस्सा पाण्यासारखा पातळ आणि तुकडे घट्ट असतील, तर मटण अर्ध्यातच उतरवलं गेलं. गरम पाणी घालून बारीक आंचेवर आणखी पाऊण तास ठेवलं तर अजूनही येतं. सावजी घरांत खूर, म्हणजे पाय, शिजवतात त्यात मांस फारसं नसतंच, सगळा दोराच. तो रस्सा गार झाला की चमचा उभा राहतो, आणि गरम असताना ओठाला ओठ चिकटतो.

शिळा रस्सा गरम करताना तो पूर्ण उकळू द्यायचा. तोवर तव्यावर ज्वारीची भाकरी फुगते.